बोरगव्हाणची चार मशिनं

नीलिमा पाईकराव पहिल्यांदा लोकांसमोर बोलायला उभी राहिली, तेव्हा हॉलमध्ये तीसेक घरांतली माणसं होती आणि त्यातली निम्मी खीर खाण्यात गुंतली होती. दोन हजार तेवीसच्या जूनमधली वेसाक डेची, म्हणजे तिथल्या बुद्धपौर्णिमेची सुट्टी. सिंगापुरातली मराठी बौद्ध कुटुंबं दरवर्षी या दिवशी हौगांगला एका हॉलमध्ये जमतात. वंदना होते, लहान मुलं बाबासाहेबांवर इंग्रजीत चार वाक्यं बोलतात, मग जेवण. जमलेले बहुतेक जण इंजिनिअर. कुणी जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत, कुणी आयटीत, दोघे-तिघे विद्यापीठात संशोधन करणारे. नर्स एकटी नीलिमाच.

चौतीस वर्षांची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. माईक पुढे केला तो तिने घेतलाच नाही.

"जय भीम. मी इथून दोन ब्लॉक पलीकडे कामाला आहे, डायलिसिस सेंटरमध्ये. तुमच्यापैकी कुणी बघितलंय का ते? बिल्डिंगच्या मोकळ्या तळमजल्याला, व्हॉइड डेकवर आहे. वर माणसं राहतात आणि खाली आमची मशिनं. आमच्याकडे एक लिम आंटी येतात, एकोणऐंशी वर्षांच्या. नवव्या मजल्यावरून स्लिपर घालून लिफ्टने खाली यायचं, चार तास मशीनला लावून घ्यायचं, जाताना समोरच्या दुकानातून कोबी घ्यायचा आणि वर जाऊन स्वयंपाक करायचा. आठवड्यातून तीनदा. अकरा वर्षं झाली त्यांना. आमच्या बोरगव्हाणचा पेशंट दोन वर्षंही काढत नाही."

खिरीच्या वाट्यांचा आवाज थोडा कमी झाला.

बोरगव्हाण म्हणजे तिचं गाव. तालुक्याचं ठिकाण, पण डायलिसिससाठी नांदेडला जावं लागतं, ऐंशी किलोमीटर. आठवड्यातून दोनदा. जाताना अंगात पाणी साठलेलं, येताना अंगातला जीव गेलेला, आणि दोन्ही वेळा वडापची जीप. तिथे डॉ. अभय धाबे म्हणून एक जण होता, आपल्यातलाच, एमडी होऊन गावी परतलेला. कापसाचं एक रिकामं गोडाऊन त्याने भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं. गावातल्याच दोन मुली डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स करून नांदेडला नोकरी करत होत्या, त्या यायला तयार होत्या. हवी होती चार मशिनं आणि पाणी शुद्ध करायचा प्लांट.

"मी देणगी मागायला उभी नाही," नीलिमा म्हणाली. "देणगी दिली की माणूस मोकळा होतो आणि विसरतो. तुम्ही भाग घ्या, मालक व्हा. पाच-सहा वर्षांनी पैसे परत घ्या, नाही तर दुसऱ्या गावात घाला. सेंटर आपली माणसं चालवतील, पेशंट मात्र गावातला कुणीही येऊ दे."

टाळ्या पडल्या, पण हात कुणी वर केला नाही. मग मागून एक जण म्हणाला, "आधी खिल्लारे सरांना दाखवा. ते हो म्हणाले की आमचं हो."

सगळ्यांच्या माना रत्नदीप खिल्लारेकडे वळल्या.

रत्नदीप सत्तेचाळीस वर्षांचा. तांजोंग पगारला एका मोठ्या बँकेत जोखीम तपासायच्या विभागात मॅनेजर. कुणाला कर्ज द्यावं, कुणाला देऊ नये, दिलं तर काय काय बुडू शकतं, हे शोधून काढणं हे त्याचं काम, आणि त्या कामात तो वाकबगार होता. परभणीच्या शाळामास्तरांचा मुलगा. गेली चौदा वर्षं सिंगापुरात. सेरांगूनला कॉन्डो, बायको रुपाली, कॉलेजात गेलेली मुलगी. या कुटुंबांच्या मंडळात त्याच्या शब्दाला वजन होतं आणि ते त्याला आवडायचंही.

"कागद पाठवा," तो नीलिमाला म्हणाला. "बघतो मी."

त्या 'बघतो'मध्ये काय होतं, हे समजायला परभणीचं एक प्रकरण सांगावं लागेल. रत्नदीपच्या वडिलांनी निवृत्तीनंतर मिळालेली सगळी रक्कम एका पतपेढीत ठेवली होती. पतपेढी आपल्या समाजातल्याच एका पुढाऱ्याने काढलेली. दर चौदा एप्रिलला तो मिरवणुकीच्या पुढे असायचा. 'आपल्या माणसांची पतपेढी' म्हणून मास्तरांनी शेजारपाजाऱ्यांनाही तिथे पैसे ठेवायला लावले. चार वर्षांनी एके दिवशी शटर खाली आलं ते आलंच. मास्तरांना पैशापेक्षा शेजाऱ्यांची तोंडं चुकवायचं दुःख मोठं. ते पुढे घराबाहेर पडेनासे झाले आणि तसेच गेले. तेव्हापासून रत्नदीपच्या तोंडी एक वाक्य बसलं होतं, "आपल्यांचं काही खरं नसतं." लोकांसमोर तो हे म्हणायचा नाही. घरात म्हणायचा, आणि मनात तर नेहमीच.

नीलिमाने आठ दिवसांत कागद पाठवले. रत्नदीपने ते बारकाईने वाचले आणि तेरा शंका काढल्या. तिने पंधरा दिवसांत तेराही उत्तरं आणली. ती स्वतः घेऊन आली, तिच्या सुट्टीच्या दिवशी, हौगांगहून एमआरटीच्या मेट्रोने, दुपारच्या जेवणाच्या वेळी. ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, दोघं बसली. रत्नदीपने कोपी, म्हणजे तिथली कॉफी मागवली. तिने नको म्हटलं.

"गोडाऊनचा करार किती वर्षांचा आहे?"

"पाच, दादा."

"दहाचा करून घ्या. आणि हे पाणी. बोअरचं पाणी आहे ना? त्यात क्षार किती, याचा रिपोर्ट कुठाय?"

"काढून आणते."

"डॉक्टर उद्या पुण्याला निघून गेला तर?"

"नाही जायचा. त्याची आई तिथेच आहे."

"हे कागदावर कसं लिहायचं मी?"

ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं, "डॉक्टर गेल्यास काय", आणि उठली. दीड महिन्याने डॉ. धाबेचं लेखी हमीपत्र आलं. सोबत नांदेडच्या दुसऱ्या एका डॉक्टरचं पत्र होतं, की गरज पडली तर मी आठवड्यातून दोन दिवस येईन.

असं सुरू राहिलं. पाण्याचा रिपोर्ट आला, मग रत्नदीपने दुसऱ्या प्रयोगशाळेचा मागितला. वीज किती तास जाते हे विचारलं, मग जनरेटरचं कोटेशन मागितलं, मग आणखी दोन कोटेशनं. टेक्निशियन मुलींची सर्टिफिकेटं बघून झाल्यावर, त्यांची लग्नं होऊन त्या निघून गेल्या तर काय, हेही विचारलं. प्रत्येक प्रश्न बरोबर होता. एकेकटा घेतला तर कुणालाही चूक काढता आली नसती. आणि दर वेळी नीलिमा उत्तर घेऊन यायची. कधी नाईट करून आलेली असायची, डोळे तांबडे. कधी बोलता बोलता फोन वाजायचा आणि ती बाजूला जाऊन दबक्या आवाजात म्हणायची, "केळं खाल्लं का? मग नारळपाणी? कोण दिलं? नाही म्हणून सांगितलं होतं ना मी..." रत्नदीपला वाटायचं, पेशंटचा फोन असेल. कामाला वाहून घेतलेली बाई आहे, एवढं मात्र तो मनात कबूल करायचा.

दिवाळी गेली, चिनी नवं वर्ष गेलं, चौदा एप्रिल आला. मंडळातले लोक विचारायचे, "सर, ते डायलिसिसचं काय झालं?" तो म्हणायचा, "चाललंय, बघतोय." लोक मान डोलवायचे. कुणाला घाई नव्हती.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडली. रत्नदीपच्या बँकेत सुचित्रा म्हणून पुण्याची एक सहकारी होती. तिच्या ओळखीचा सारंग नावाचा मुलगा घरोघरी शिकवण्यांसाठी शिक्षक मिळवून देणारं ॲप काढत होता. एका शुक्रवारी तिघं जेवायला गेली. सारंग छान बोलायचा. इंग्रजी सफाईदार, मध्येच पुण्याचं मराठी, हातात लॅपटॉप, त्यावर वर वर जाणाऱ्या रेघा. जेवण संपायच्या आत रत्नदीपने आपण भाग घेतो म्हणून सांगून टाकलं, आणि सोमवारी पैसे पाठवले. त्याने पाठवलेली रक्कम बोरगव्हाणच्या दोन मशिनांएवढी होती. कागद म्हणून सारंगने सात पानांची एक फाईल पाठवली होती. रत्नदीपने ती टॅक्सीत चाळली.

आठ महिन्यांत ॲप बंद पडलं. सारंगने सगळ्यांना एकच मेल पाठवली, खूप शिकायला मिळालं म्हणून. रत्नदीपला वाईट वाटलं, पण राग आला नाही. जेवताना तो रुपालीला म्हणाला, "स्टार्टअपमध्ये असं होतंच. दहातलं एखादंच चालतं."

रुपाली पोळी लाटत होती. लाटणं तिथेच थांबलं.

"आणि आपल्या माणसाचं बुडालं की?"

"म्हणजे?"

"सारंगचं बुडालं तर स्टार्टअप बुडालं. माझ्या मैत्रिणीच्या आईचे पैसे बुडाले ती पुण्याची बँक, तेव्हा तू म्हणालास, बँक बुडाली. परभणीची पतपेढी बुडाली तेव्हा मात्र आपले लोकच बुडवे. हा हिशेब कुठल्या बँकेत शिकलास तू?"

"तू उगाच कशाला कशाशी जोडतेस. नीलिमाच्या कामात माझी जबाबदारी आहे. तीस घरं माझ्या शब्दावर बसलीयेत."

"म्हणूनच बोलतेय," रुपाली म्हणाली, आणि तव्यावरची पोळी उलटली. "ती पोरगी वर्षभर खेटे घालतेय. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण एकदाचं. असं ताटकळत ठेवू नकोस."

रत्नदीप ताटावरून उठला. बायकोचं बोलणं त्याला झोंबलं ते त्यात खोटं काही सापडेना म्हणून. तरी त्याने त्या आठवड्यात काही केलं नाही, आणि पुढच्याही. फक्त एक कागद उरला होता, जनरेटरच्या परवानगीचा. तो आला की सही करायची, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं.

जुलै संपला, कागद आला नाही. नीलिमाचा मेसेजही नाही. असं कधी झालं नव्हतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने ऑफिसातूनच फोन लावला. रिंग वेगळी वाजली, भारतातली.

"नीलिमा, तो परवानगीचा कागद राहिलाय बघ. तेवढा आला की मी..."

"दादा, मी बोरगव्हाणात आहे." आवाज सपाट होता. मागे बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. "वडील गेले."

"अरे... कधी? काय झालं?"

"बारा दिवस झाले. डायलिसिसला निघाले होते."

रत्नदीपला क्षणभर वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कुणाच्या डायलिसिसला?"

"त्यांच्याच, दादा. दीड वर्ष चालू होतं. त्या आठवड्यात सोमवारी जीप आली नाही, ड्रायव्हरच्या घरी लग्न होतं म्हणे. गुरुवारी आली तर पुलाचं काम चाललेलं, रस्ता बंद. तीन तास तिथंच उभी. एक पाळी चुकली की रक्तात पोटॅशियम वाढतं. मग हृदय..." ती थांबली. "मी फोनवर होते. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला कळलं होतं काय होतंय ते. मी तिकडे लिम आंटींना मशीनला लावत होते."

"मग तू... काय केलंस?"

"आंटींना लावून पूर्ण केलं. सुई टोचलेली अर्धवट कशी सोडणार?"

रत्नदीप खुर्चीत मागे टेकला. काचेपलीकडे त्याच्या विभागातली माणसं आपापल्या स्क्रीनसमोर बसली होती. त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते असं, "नीलिमा, तू मला सांगितलं का नाहीस? एकदा जरी बोलली असतीस की घरातच पेशंट आहे..."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, बायकांचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

"सांगितलं असतं तर तुम्ही कागदावर काय लिहिलं असतं, दादा?" ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. "लिहिलं असतं, की ही बाई स्वतःच्या बापासाठी लोकांचे पैसे गोळा करतेय. हॉलमध्ये सगळे तेच म्हणाले असते. आधीच आपल्या माणसाकडे कसं बघतात, ते माहीत आहे मला. म्हणून वडिलांनाच म्हटलं, आपण सांगायचं नाही. ते पण म्हणाले, नको सांगू."

ती बरोबर बोलत होती. अशा गोष्टीला त्याच्या खात्यात एक शब्द आहे, हितसंबंध. त्याने तोच लिहिला असता. पहिल्याच पानावर, लाल अक्षरात.

"कागदाचं मी बघते आल्यावर," असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी रत्नदीपने घरी येऊन गेल्या चौदा महिन्यांतल्या सगळ्या फाईली उघडल्या. तिसऱ्या महिन्यातच सगळं काही जागेवर होतं. डॉक्टर, पाणी, जागा, मुली, सगळं. बँकेत आलेलं हे प्रकरण असतं तर त्याने तेव्हाच सही केली असती. पुढचे अकरा महिने त्याने जे मागितलं, ते मागायचं म्हणून मागितलं होतं. कुठेतरी काहीतरी खोट निघेल, निघायलाच हवी, म्हणून. रुपाली शेजारी येऊन बसली. त्याने तिला फोनवरचं सगळं सांगितलं. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटत राहिलं.

"आपण वेळेत हो म्हटलं असतं तर ते वाचले असते का गं?" त्याने विचारलं.

"ते आता कोण सांगणार," रुपाली म्हणाली. "मशिनं यायला, बसायला वेळ लागलाच असता. कदाचित वाचले असते. कदाचित नसते."

त्या 'कदाचित'वर तो पुढे किती महिने अडकून पडला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला तोच हॉल होता. नीलिमा आली नव्हती, तिची ड्यूटी होती. निवेदन संपल्यावर रत्नदीप उठला. भाषणं तो अनेक वेळा करायचा, तयारीनं. या वेळी हातात कागद नव्हता.

"बोरगव्हाणच्या सेंटरचं काय झालं, असं तुम्ही मला विचारता," तो म्हणाला. "ते मी अडवून धरलं. सेंटरमध्ये खोट नव्हती. मागच्या वर्षीच्या सप्टेंबरात मला ते कळलेलं होतं. पण ते आपल्या माणसांचं होतं, म्हणून माझा विश्वास बसेना. दुसऱ्या एका माणसाच्या धंद्यात मी एका जेवणात पैसे घातले आणि बुडवले. त्याला मी एक प्रश्न विचारला नव्हता. नीलिमाताईंना मी चौदा महिने प्रश्न विचारले. या काळात त्यांचे वडील, यादवराव पाईकराव, नांदेडच्या रस्त्यावर जीपमध्ये गेले. त्यांना हेच डायलिसिस लागत होतं. त्या मला बोलल्या नाहीत, कारण मी कसा माणूस आहे ते त्यांनी ओळखलं होतं."

पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला. रत्नदीपने आपला भाग किती तो सांगितला आणि खाली बसला.

सगळे काही लगेच तयार झाले नाहीत. जुरोंग आयलंडवर काम करणारा प्रबोध म्हणून एक जण होता, तो उभा राहून म्हणाला, "सर, वाईट वाटलं ऐकून, पण रडण्यावर पैसे घालू नयेत. परभणीला काय झालं ते तुम्हीच आम्हाला सांगायचात." यावर रत्नदीपने एवढंच म्हटलं, "रडण्यावर घालू नकोस. फाईल घेऊन जा, वाच, आणि पुण्याच्या एखाद्या कंपनीला जे विचारशील तेवढंच विचार." प्रबोध खरोखरच फाईल घेऊन गेला. तीन आठवड्यांनी त्याने भाग घेतला. पाच-सहा घरं शेवटपर्यंत आली नाहीत. पण चौवीस आली, आणि तेवढ्यांत चार मशिनं बसत होती.

ही बातमी द्यायला रत्नदीप हौगांगला गेला. त्या आधी तो सेंटरवर कधी गेलाच नव्हता. व्हॉइड डेकवर म्हातारी माणसं दगडी टेबलांभोवती बसली होती, सायकली लावलेल्या होत्या, आणि मध्येच काचेचं दार. आत खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीशेजारी मशीन, नळ्यांतून फिरणारं रक्त. नीलिमा निळ्या गणवेशात एका म्हातारबुवांचा हात धरून वाकली होती. तिने त्याला पाहिलं, हातानं थांबायची खूण केली आणि वीसेक मिनिटांनी बाहेर आली. ती बरीच वाळली होती.

त्याने चौवीस घरांचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "पाण्याचा प्लांट आधी मागवा. त्याला सगळ्यात वेळ लागतो."

"नीलिमा, मला तुझी..."

"दादा, माझ्या पुढच्या पेशंटची वेळ झालीय," ती म्हणाली आणि दार लोटून आत गेली. मंडळाने सेंटरला यादवरावांचं नाव द्यायचं ठरवलं होतं, ते त्याला बोलताच आलं नाही. नंतर मेसेज केला तेव्हा तिचं उत्तर आलं: नाव देऊ नका. लोक म्हणतील बापाच्या नावासाठीच केलं सगळं.

सेंटर दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात सुरू झालं. नीलिमाला रजा मिळाली नाही. म्हणजे तसं ती म्हणाली. रत्नदीप आणि रुपाली मात्र गेली. नांदेडहून निघाल्यावर त्याने ड्रायव्हरला एसी बंद करायला सांगितला आणि काच खाली केली. ऐंशी किलोमीटरला सव्वादोन तास लागले. पुलाचं काम अजून चालूच होतं.

गोडाऊन ओळखू येत नव्हतं. आतून पांढरा रंग, फरशी स्वच्छ, चार खुर्च्या, चारही भरलेल्या. डॉ. धाबे दिसायला अगदी पोरसवदा होता. त्याने एकेकाची ओळख करून दिली. एक मारवाडी दुकानदार, एक शेतमजूर बाई, एक निवृत्त कंडक्टर, एक मुस्लिम शिवणकाम करणारी. दोन्ही टेक्निशियन मुली मान वर न करता काम करत होत्या. एकीच्या गळ्यात नवं मंगळसूत्र होतं. लग्न झालं होतं, आणि ती गेली नव्हती.

मग कुणीतरी म्हणालं, पाईकरावांच्या घरी जाऊन या. यादवरावांचं घर मागच्याच गल्लीत, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. नीलिमाची आई, कमलाबाई, दारातच बसली होती. सिंगापूरचे साहेब आले म्हटल्यावर ती लगबगीने उठली, सतरंजी टाकली. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली यादवरावांचा नवा फोटो. पोस्टमनची खाकी टोपी घातलेला.

चहा आला. रत्नदीपने बशी हातात धरली आणि तशीच धरून ठेवली. इथे येऊन काय बोलायचं हे त्याने विमानात चार वेळा मनाशी जुळवलं होतं.

"आई," तो म्हणाला, "सेंटरला उशीर झाला तो माझ्यामुळे. मी फार चौकशा केल्या. तेवढ्या करायला नको होत्या."

कमलाबाईने पदराने तोंड पुसलं.

"ते म्हणायचे ना," ती यादवरावांच्या फोटोकडे हात करून म्हणाली. "पोरगी फोनवर कावायची, की ते साहेब लई कागद मागतात. तर हे तिला म्हणायचे, मागू दे. माणूस बारकाईनं बघतोय, म्हणजे काम पक्कं होणार. आपल्या माणसाचं काम पक्कंच पाहिजे, कुणाला बोट दाखवायला जागा नको. तुमचं लई कौतुक होतं त्यांना. जीपमध्ये बसताना पण म्हणायचे शेजाऱ्यांना, आमचं सेंटर होणार आहे, सिंगापूरचा एक मोठा साहेब तपासतोय."

रत्नदीपने बशी चहासकट सतरंजीवर ठेवली. तो खाली मान घालून बसला. बाहेरून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. कमलाबाईला वाटलं, पाहुण्याला उकाडा सोसवत नाही, म्हणून तिने कोपऱ्यातला टेबलफॅन त्याच्याकडे वळवला.

निघताना ती गाडीपर्यंत आली. एका डब्यात तिने शेंगदाण्याची चटणी भरून दिली, नीलिमासाठी. दोन वर्षांत पोरगी पंधरा दिवस काय ती आली, तेही बाप गेला म्हणून. फोनवर खरं काही सांगत नाही, सगळं बरं आहे एवढंच म्हणते.

"साहेब, तुम्हाला भेटत असते ना ती?" गाडीच्या खिडकीत वाकून कमलाबाईने विचारलं. "जेवते का तिथं नीट?"

वर्षभर ती त्याच्यासमोर बसली होती, महिन्यातून एकदा तरी, ऐन जेवणाच्या वेळी. तिने त्याच्यासमोर कधी घासही घेतला नव्हता आणि त्याने कधी विचारलं नव्हतं.

"हो, आई," रत्नदीप म्हणाला. "जेवते."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली.